जिल्ह्यातले जाणते शोधायचे कुणी?

वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. नोकरी शिक्षकाची, जीव मात्र पटवर्धन सरदारांच्या दप्तरात अडकलेला. शाळा सांभाळून त्यांनी मोडी कागदांचे गठ्ठे सोडले, वाचले, नकलून काढले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. त्याच सुमारास साताऱ्यात द. ब. पारसनीस जुनी पत्रं, चित्रं, कागद जमवत होते. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तो वाईत हाती लागलेल्या कागदांवरून. तिघांपैकी कोणी विद्यापीठात प्राध्यापक नव्हतं, सरकारने त्यांना या कामावर नेमलंही नव्हतं. आपापल्या नादापायी त्यांनी हे केलं. आज मराठ्यांच्या इतिहासावर लिहायला बसणाऱ्याला त्यांच्या छापील पानांवरूनच पुढे जावं लागतं.

अशी माणसं आता उरली नाहीत, असं हळहळून बोलणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. सातारा-सांगलीच्या कुठल्याही तालुक्यात चार दिवस नीट हिंडा, एकेका विषयात वीस-वीस वर्षं मुरलेली माणसं भेटतील. कोणी वीरगळांचे, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांचे, फोटो आणि मापं गोळा करतो. कोणी कास पठारावर कुठल्या आठवड्यात काय फुललं ते लिहून ठेवतो. मिरजेत जुन्या मैफिलींच्या टेप जपून ठेवलेलं घर असतं, कराडात नाण्यांचे अल्बम असतात, तासगावात बंद पडलेले रेडिओ पुन्हा बोलते करणारा असतो. पोस्टात, एसटीत, साखर कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात हे चालतं. यातले बरेच जण लिहितातही. वहीत लिहितात, डायरीत लिहितात, दिवाळी अंकात एखादा लेख देतात, स्वतःच्या पैशाने पन्नास पानांची पुस्तिका छापून पाहुण्यांना वाटतात.

ही माणसं आपल्याला सापडत नाहीत, ही खरी अडचण आहे. शेजारच्या गल्लीत राहणारा माणूस काय जाणतो हे आपल्याला त्याच्या श्रद्धांजलीच्या फलकावरून कळतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की असे जाणते शोधणं आणि त्यांचं काम इतरांना सापडेल अशा ठिकाणी ठेवणं हे सार्वजनिक काम आहे, आणि ते गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाने अंगावर घ्यावं. नशिबावर, ओळखीपाळखीवर आणि फोनच्या पडद्यावर सोडून देण्याइतकं ते हलकं नाही.

फोनचं आधी बोलतो, कारण पहिला आक्षेप तिथूनच येतो. सगळं तर फोनवर मिळतं, मग ही यातायात कशाला? फोनवर पुष्कळ मिळतं हे खरं. पण तिथे काय वर यावं हे ठरतं किती जणांनी पाहिलं त्यावर, आणि पाहणारा किती वेळ खिळून राहिला त्यावर. वीरगळावर बारा वर्षं काम केलेल्या माणसाचा चाळीस मिनिटांचा, थोडा चाचरत सांगितलेला, पण प्रत्येक वाक्यामागे पाहिलेला दगड असलेला व्हिडिओ खाली जातो. गडावर ड्रोन उडवून मागे ढोल लावलेला दीड मिनिटाचा तुकडा वर येतो. त्या यंत्राला सातारा काय आणि सॅक्रामेंटो काय, सारखंच. व्हॉट्सॲपची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे चांगला मजकूर फिरतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या हाती लेखकाचं नाव गळून पडतं, चौथ्या हाती दोन चुकीच्या ओळी चिकटतात, आणि ज्याने तो मूळ दगड पाहिला त्याला काही विचारायची सोयच उरत नाही. वनस्पती आणि पक्ष्यांच्या नोंदी घेणाऱ्यांसाठी आयनॅचरॅलिस्ट, ईबर्ड अशी ॲप आहेत आणि ती खरोखर उपयोगी आहेत. साताऱ्यातल्या एखाद्या मुलीने टिपलेला पक्षी जगभरच्या अभ्यासकांना दिसतो. तिच्याच शाळेतल्या मास्तरांना मात्र तो दिसत नाही, कारण ते तिथे शोधायला जाणारच नाहीत.

या माणसांकडे नेमकं काय असतं हे कळल्याशिवाय माझ्या म्हणण्याला वजन येणार नाही, म्हणून एक वही जरा जवळून दाखवतो. वाळवा तालुक्यातल्या माझ्या माहितीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अंगणात पर्जन्यमापक बसवला आहे. नरसाळं बसवलेलं पत्र्याचं भांडं आणि पाणी मोजायची काचेची नळी, एवढाच सरंजाम. सकाळी साडेआठला ते पाणी मोजतात, कारण हवामान खात्याची वेळही तीच, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. वहीच्या पानांना त्यांनी महिन्यांची नावं दिलेली नाहीत, नक्षत्रांची दिली आहेत. मृग, आर्द्रा, मग तरणा म्हणजे पुनर्वसू, मग म्हातारा म्हणजे पुष्य. आकड्याशेजारी बारीक अक्षरात वारा कुठून होता ते लिहिलेलं असतं. पहिल्यांदा पावशा कधी ओरडला, चातक कधी दिसला, काजवे कुठल्या रात्री लागले, ओढ्याला पाणी कधी आलं, बांधावरचा सुगरणीचा खोपा किती उंचीवर होता. कुणी सांगितलं म्हणून ते हे करत नाहीत. आजारी पडले तर सुनेला नळी वाचायला लावतात, आणि त्या दिवसाच्या आकड्यापुढे तिचं आद्याक्षर टाकतात.

आता या वहीची किंमत बघा. सरकारी पावसाचा आकडा महसूल मंडळाचा असतो. एका मंडळात कितीतरी गावं येतात. चोवीस तासांत मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरायची, असा नुकसानभरपाईचा निकष आहे. पीकविम्याचा हिशोबही मंडळ धरूनच होतो. पण पाऊस शिवाराशिवाराला वेगळा पडतो हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सांगली जिल्ह्याच्या एका टोकाला शिराळ्याचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या टोकाला जत-आटपाडीची कोरड, हे तर नकाशावरच दिसतं. एका मंडळाच्या पोटातला फरक मात्र अशाच वहीत सापडतो. २००५, २०१९, २०२१ या तिन्ही महापुरांत सांगलीत पाणी कसं चढलं यावर किती भांडणं झाली. धरणांतून कधी किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग कितपत कारणीभूत, पाणलोटात पाऊस किती. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांच्या वर गेली, आणि तिथली धोक्याची खूण ४५ फुटांची आहे. त्या भांडणात नदीकाठच्या पाच-पंचवीस गावांतल्या अशा वह्या शेजारी शेजारी ठेवता आल्या असत्या, तर निदान पाऊस कुठे कधी कोसळला याबद्दल तरी लोकांच्या हातात स्वतःचं काही असतं. वह्या होत्या, यात मला शंका नाही. कुणाच्या घरी होत्या, एवढंच कुणाला ठाऊक नव्हतं.

वीरगळांचंही तसंच. वाई तालुक्यात चंदन-वंदन गडांच्या बाजूला किकली नावाचं गाव आहे. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात वीरगळांचा मोठा साठा आहे. नुसतं पाहणाऱ्याला ते कोरलेले दगड वाटतात. जाणता माणूस सोबत असेल तर तो खालच्या चौकटीवर बोट ठेवतो. इथे गुरं कोरली आहेत, म्हणजे हा गाई सोडवताना पडला. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला घेऊन चालल्या आहेत, त्याच्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती. ढाल कसली, तलवार कसली, घोडा आहे की नाही, यावरूनही तो पुष्कळ सांगेल. शेजारच्या कुठल्या गावात असाच दगड धुणं धुवायला वापरतात, कुठे त्याला ऑइलपेंट फासून देव केलंय, कुठला रस्त्याच्या भरावात गेला, हे त्याच्याच वहीत असतं. दगड आपल्या जागेवर होता तेव्हाचा फोटो त्याच्याकडे असतो. पुरातत्त्व खात्याची माणसं किती आणि गावं किती, हे पाहिलं की सांगावं लागत नाही, की बहुतेक ठिकाणी ही वही हाच एकमेव पुरावा आहे.

आणि ही वही कुठे जाते? माणूस गेल्यावर वर्षाच्या आत घर आवरायला निघतं. मुलं पुण्यात किंवा बाहेरदेशी. माळ्यावरची ट्रंक खाली येते, पितळेचं काही आहे का बघितलं जातं, आणि वह्या रद्दीच्या काट्यावर चढतात. मुलांना मी दोष देत नाही. या वह्या कुणाला द्यायच्या, कोण घेईल, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं. ग्रंथालयात चौकशी केली तर बरेचदा उत्तर मिळतं, की छापील पुस्तक असेल तर द्या, हस्तलिखिताची नोंद कशी करायची?

पारसनिसांच्या संग्रहाचं काय झालं ते आठवावं. त्यांच्या संग्रहासाठी १९२५ मध्ये साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलं. पुढे १९३९ मध्ये तो संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो चांगला जपला गेला, अभ्यासकांच्या उपयोगी पडला, त्याबद्दल तक्रार नाही. पण साताऱ्यातल्या पोराला साताऱ्यातला कागद बघायला पुण्याची गाडी धरावी लागते, हेही खरं आहे.

याच्या उलट सातारा जिल्ह्यातलं औंध. बाळासाहेब पंतप्रतिनिधी संस्थानिक होते ते होतेच, पण स्वतः चित्रकार, कीर्तनकार, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले. त्यांनी जमवलेली चित्रं आणि शिल्पं त्यांनी राजवाड्यात कोंडून ठेवली नाहीत. टेकडीवर १९३८ मध्ये श्री भवानी संग्रहालयाची इमारत बांधून ती मांडली. म्हणून आजही खटाव तालुक्यातल्या शाळेची सहल रवि वर्म्याच्या मूळ चित्रासमोर आणि हेन्री मूरच्या शिल्पासमोर उभी राहू शकते. एका माणसाच्या आवडीला सगळ्यांना ठाऊक असलेला पत्ता मिळाला, त्याचा हा गुण. किर्लोस्करवाडीचंही असंच म्हणता येईल. १९२० मध्ये कारखान्याच्या माणसांसाठी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली आणि शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली तिचं असं मासिक झालं, की माळरानावरच्या त्या वसाहतीचं नाव मराठी वाचकाच्या घरोघर गेलं. सांगलीत बुद्धिबळ शिकायचं तर भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात जायचं, हे पोरांना माहीत होतं. भाग्यश्री साठे, पुढच्या ठिपसे, याच सांगलीच्या. गुणी मुलं सगळीकडे जन्मतात, पण दार कुठलं ठोठवायचं हे कळलेली फार थोडी असतात.

ग्रंथालयच का, पंचायत का नाही, शाळा का नाही? ग्रंथालयात माणूस काही विकायला किंवा दाखला काढायला जात नाही, हे पहिलं कारण. तिथे जाणाऱ्याला आधीच कशाची तरी उत्सुकता असते. दुसरं, आपल्याकडे ही व्यवस्था तयार आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. राज्यात अनुदानावर चालणारी सुमारे ११ हजार ग्रंथालयं आहेत आणि त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. साताऱ्याचं नगर वाचनालय आणि सांगलीचं नगर वाचनालय ही दोन्ही दीडशे वर्षांहून जुनी. पुरातून, साथीतून ती टिकली. आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चांगला ग्रंथपाल हे शोधण्याचं काम वर्षानुवर्षं तोंडी करतच आलेला आहे. “तुम्हाला मोडी शिकायचीय? मग अमक्या गल्लीतल्या काकांना भेटा, सकाळी नऊच्या आत जा, नंतर ते देवळात असतात.” हे त्याला पाठ असतं. तो निवृत्त झाला की ते सगळं त्याच्याबरोबर जातं. मी मागतोय ते एवढंच, की हे पाठ असलेलं कागदावर यावं.

म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात एक नोंदवही असावी. कुणाला कशाचा नाद आहे, कधीपासून आहे, त्याच्याजवळ काय आहे, म्हणजे टिपणं, फोटो, ध्वनिमुद्रणं की वस्तू, आणि तो भेटायला राजी आहे का. एवढं पुरे. त्याच्या शेजारी एक कपाट, ज्यात या लोकांच्या वह्यांच्या नकला, स्वखर्चाने छापलेल्या पुस्तिका, दिवाळी अंकांतल्या लेखांची कात्रणं राहतील. वहीची नकल आता मोबाइलवर पान पान फोटो काढूनही होते. दहावी-बारावीची दोन मुलं सुट्टीत बसली तर एका माणसाचं आयुष्यभराचं टिपण काही दिवसांत उतरतं. मात्र नकल दोन ठिकाणी ठेवली पाहिजे, आणि त्यातली एक पूररेषेच्या बाहेर. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळते. हस्तलिखित वहीची मिळत नाही.

भिलारमध्ये हे निम्मं करून दाखवलंच आहे. पंचगणीजवळचं ते स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या उघडून दिल्या आणि कुठल्या घरात कविता, कुठल्या घरात इतिहास, कुठे चरित्रं, अशी वाटणी झाली. अनोळखी माणूस वाचायला आपल्या ओसरीवर येऊन बसणार, ही गोष्ट त्या घरांनी मान्य केली, हे मला त्यातलं सर्वांत मोठं वाटतं. तिथे पुस्तकं बाहेरून आणावी लागली. आपल्याकडे माणसं आणि त्यांच्या वह्या गावातच आहेत.

आता आक्षेप. पहिला येतो दर्जाचा. छंदिष्ट माणूस काहीही ठोकून देतो, असं अभ्यासकांचं म्हणणं असतं, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं, प्रत्येक गडावरून थेट दुसऱ्या गडापर्यंत भुयार असतं, प्रत्येक जुनं देऊळ हेमाडपंती असतं. पण यावर उपाय दार बंद करणं हा नाही. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं लिहायचं, एवढी एक शिस्त नोंदवहीने घातली तरी खूप. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर शिलालेख आहे, त्यावरून विरूबाई भोसल्यांनी ती शके १६४१ ते १६४६ मध्ये, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात बांधवली हे सांगता येतं. हे वाचलेलं. गावात तिच्याबद्दल बाकी जे सांगतात ते ऐकलेलं. दोन्ही ठेवावं, दोन्हींवर आपापली चिठ्ठी लावावी. वासुदेवशास्त्री खऱ्यांचं काम शंभराहून अधिक वर्षं टिकलं, कारण त्यांनी मूळ कागदच छापले. त्यांचं मत पटो न पटो, कागद समोर आहे. शिवाय ग्रंथालय कुणाला पदवी देत नाही. हा माणूस अमुक गोष्ट इतकी वर्षं बघतो आहे, एवढंच ते सांगतं. खरं-खोटं करायला अभ्यासकांनी तिथे यावं, तेही हवेच आहेत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. सगळं उघड केलं तर त्याची नासाडी होते. कासचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर २०१२ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी अशी उसळली, की दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा घालावी लागली. साडेआठशेच्या वर फुलझाडांच्या जाती आहेत तिथे. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फोटोसाठी लोक त्याच झुडपात जाऊन बसतात. दुर्मीळ आमरीची, म्हणजे ऑर्किडची जागा, घुबडाचं घरटं, एकट्या पडलेल्या देवळातली मूर्ती, यांचा पत्ता चव्हाट्यावर आणायचा नसतो. म्हणूनच मला ही नोंद वहीत हवी आहे, खुल्या संकेतस्थळावर नको. येणारा माणूस ग्रंथपालासमोर बसेल, कशासाठी हवं ते सांगेल, ग्रंथपाल त्या जाणत्याला फोन करून विचारेल, आणि तो हो म्हणाला तरच गाठ घालून देईल. थोडा वेळ लागेल. ज्याला खरंच हवं आहे तो तेवढा वेळ देतो.

हीच काळजी बायकांच्या बाबतीत दुप्पट घ्यावी लागेल, आणि इथे मला थोडं थांबायचं आहे. वर मी ज्या ज्या छंदांची नावं घेतली त्यांत हिंडणारे बहुतेक पुरुष आहेत. पुरुषाने नोकरीनंतर दगड बघत फिरलं तर घरचे कुरकुरत का होईना चालवून घेतात. बाईला घरात कामं पडलेली असताना फुलं बघत डोंगरावर जाता येत नाही. म्हणून तिचं जाणणं घरातल्या आणि रानातल्या कामातच राहिलं, आणि त्याला कुणी छंद म्हटलंच नाही, मग अभ्यास कुठला म्हणणार? खानापूर-आटपाडीकडे गावरान वांगी, शेंगा, मटकी-हुलग्याचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवणाऱ्या म्हाताऱ्या आहेत. कुठलं बी कमी पावसावर येतं, कुठलं कीड धरत नाही, हे त्यांच्या हातात आहे. जात्यावरच्या ओव्या पाठ असलेल्या बाया आहेत, आणि जातं बंद पडल्यामुळे त्या आठवायचं निमित्तच संपलं आहे. यातल्या कित्येकींना लिहिता येत नाही. नोंदवही ठेवणारा माणूस खुर्चीत बसून राहिला, तर या बाया त्या वहीत कधीच येणार नाहीत. त्यांच्याकडे जावं लागेल, आणि बहुधा एखाद्या बाईनेच जावं लागेल. पहिल्या पन्नास नावांत निम्मी बायकांची नसतील, तर वही नीट भरलेली नाही असंच मी समजेन.

सरकारी नोंदवह्यांचं काय होतं ते आपण पाहिलं आहे, असं कोणी म्हणेल. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही करायची, असं ठरलं. कल्पना फार चांगली होती, गावातल्या जाणत्यांना विचारूनच ती भरायची होती. वर्षानुवर्षं काम रेंगाळलं. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, दंडाची तंबी दिली, आणि जिकडेतिकडे वह्या भरण्याची घाई उडाली. मुदतीसाठी भरलेल्या वहीत झाडांची नावं येतात, पण ते झाड कुणाला ओळखता येतं हे येत नाही. यावरून मी एवढंच घेतो, की ग्रंथालयाच्या वहीला उद्दिष्टाचा आकडा नको, ठेकेदार नको आणि शेवटची तारीख नको. वर्षाला दहा माणसं नीट नोंदली तरी चालतील. शाल-श्रीफळाचा कार्यक्रमही नको. महिन्यातून एका संध्याकाळी एका जाणत्याने आपली वही उघडून बसावं, समोर सात माणसं असली तरी हरकत नाही. त्यात एक शाळकरी पोर असावं, अशी खटपट मात्र करावी.

खर्चाचं आणि माणसांचं राहिलं. क आणि ड वर्गाच्या ग्रंथालयांत काम करणाऱ्यांच्या हातात महिन्याकाठी काय पडतं हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम फुकटात टाका, असं मी म्हणणार नाही. या कामाचे वेगळे पैसे मिळाले पाहिजेत. आज ग्रंथालयाचा वर्ग ठरताना ग्रंथसंख्या, सभासद, नियतकालिकं मोजली जातात. त्यात स्थानिक हस्तलिखितांचं कपाट आणि जाणत्यांची नोंदवही मोजली जाऊ लागली, तर संचालक मंडळंही तिकडे बघतील. तोवर सुरुवात अ वर्गाच्या ग्रंथालयांनी करावी, त्यांच्याकडे जागा आणि माणसं दोन्ही त्यातल्या त्यात बरी आहेत.

दोन्ही जिल्ह्यांत ग्रंथालय संघ आहेत. त्यांच्या वार्षिक अधिवेशनांत अनुदानवाढीचा ठराव होतो आणि तो व्हायलाच हवा. त्याच कागदावर हा दुसरा ठराव घ्यावा, अशी माझी दोन्ही संघांच्या सभासदांना विनंती आहे. आणि ठराव मंजूर होईपर्यंत थांबायचं कारण नाही. प्रत्येक ग्रंथपालाने आपल्याला पाठ असलेली नावं या आठवड्यात एका शंभर पानी वहीत उतरवावीत, वयाने सगळ्यात मोठ्या माणसापासून सुरुवात करून.